राजाच्या चेहऱ्यावर ‘जय हिंद’

१५ ऑगस्ट १९४७ ची तारीख असलेल्या काही लिफाफ्यांवर तिकीट आहे सहाव्या जॉर्जचं आणि ते रद्द करणाऱ्या शिक्क्यात अक्षरं आहेत ‘जय हिंद’. स्वतंत्र भारताचा हा पहिला विशेष शिक्का. तिकीट आणि शिक्का दोन्ही एकाच टपालखात्याचे, तरी दोघांचा काळ वेगळा. तिकीट मागे राहिलं होतं, शाई वेळेवर पोचली होती. असं का झालं याचा उलगडा बराचसा तारखांवरूनच होतो.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला आलं. साडेतीन आण्यांचं, तिरंग्याचं. स्वातंत्र्याला तोवर ९८ दिवस झाले होते. हा तिरंगा संविधान सभेने स्वीकारला २२ जुलैला, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघे २४ दिवस आधी. चरख्याच्या जागी अशोकचक्र असलेला ध्वज त्या दिवसापर्यंत अधिकृत नव्हता. मग त्याचं तिकीट त्याआधी पक्कं कसं होणार? पुढचं कामही लांबलचक. चित्र, मंजुरी, छपाईची तयारी, नाशिकरोडच्या छापखान्यात छपाई, गोंद, कडेची छिद्रं आणि मग देशभरच्या टपालकचेऱ्यांकडे रवानगी. २४ दिवसांत हे उरकणं शक्य नव्हतं, असा निष्कर्ष मी या तारखांवरून काढतो. शिक्क्याचा ठसा मात्र धातूचा लहानसा तुकडा. तो घडवायला ना गोंद लागतो ना छिद्रं, आणि एकच ठसा हजारो पत्रांना पुरतो.

याच जॉर्जच्या तिकिटांचं दुसरं रूप शेजारी ठेवून पाहावं. १ ऑक्टोबर १९४७ ला पाकिस्तानने जी तिकिटं काढली तीही भारताचीच जुनी तिकिटं होती, वर ‘पाकिस्तान’ असं छापलेली. हे वरचं छापकामही नाशिकलाच झालं. भारताने राजाच्या चेहऱ्यावर असं काही छापलं नाही. नव्या पाकिस्तानचं नाव त्या तिकिटांवर असणं शक्यच नव्हतं. भारताचं नाव आधीपासूनच होतं. माझ्या मते म्हणूनच इकडे जुनी तिकिटं जशीच्या तशी चालली आणि बदल झाला आहे हे सांगण्याचं काम शिक्क्याकडे आलं.

संग्राहकाने इथे फार जपून वागायला हवं. तिरंग्याच्या तिकिटावर ‘जय हिंद’ छापलेलं आहे आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीखही. पण ती तारीख प्रसंगाची, तिकीट निघाल्याची नव्हे. त्या तिकिटावर १५ ऑगस्ट १९४७ चा शिक्का बसलेला लिफाफा कुणी पुढे केला तर तो मागाहून बनवलेला आहे हे भिंग न लावताही सांगता येतं. अशोकस्तंभाचं दीड आण्याचं आणि विमानाचं बारा आण्यांचं तिकीट तर १५ डिसेंबरला आलं. खरेपणाची पहिली कसोटी म्हणजे तिकीट निघाल्याची तारीख शिक्क्याच्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवसाची असणं. दुसरी कसोटी लिफाफ्याच्या पाठीवर असते. पत्र पोचल्या गावाचा शिक्का तिथे उमटला असेल तर दोन गावं, दोन तारखा आणि मधला प्रवास यांचा मेळ बसतो का ते पाहायचं. पुढचा शिक्का खोटा उमटवणं सोपं. दोन्ही बाजू जुळवून खोटेपणा साधणं बरंच अवघड.

घोषवाक्याच्या शिक्क्यांची खरी हानी मात्र खोटेपणाने कमी आणि नीटनेटकेपणाच्या हौसेने जास्त झाली आहे. यंत्राने मारलेल्या शिक्क्यात सहसा डावीकडे गाव आणि तारखेचं वर्तुळ असतं आणि उजवीकडे घोषवाक्य. तिकीट लिफाफ्याच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणून घोषवाक्य तिकिटावर पडतं आणि वर्तुळ कागदावर. तिकीट कापून, पाण्यात भिजवून, सोडवून अल्बममध्ये लावलं की हातात उरतात चार अक्षरं. गाव गेलं, तारीख गेली. घोषवाक्य लांब असेल तर तेही पुरतं उरत नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९१७ पासून युद्धकर्जरोखे विकत घ्या असं सांगणारे शिक्के वापरात आले. सुट्या तिकिटावर त्यातले एकदोन शब्दच येतात. तेवढ्यावरून मजकूर ओळखायचा तर अक्षरांची उंची, ओळींमधलं अंतर आणि चौकटीच्या रेषेची जाडी मोजून पूर्ण लिफाफ्यावरच्या नमुन्याशी ताडून पाहावी लागते. ताडायला असा पूर्ण लिफाफा कुणीतरी जपलेला असावा लागतो.

म्हणून जुन्या पत्रांचा गठ्ठा हाती आला तर आधी कात्री बाजूला ठेवावी. राजाच्या चेहऱ्याची ही तिकिटं १५ ऑगस्ट १९४७ नंतरही दीर्घकाळ वापरात होती. अजिंठा आणि त्रिमूर्ती ज्यात आहेत ती रोजच्या वापराची नवी मालिका १५ ऑगस्ट १९४९ ला आली. त्यामुळे सुट्या जॉर्जच्या तिकिटाकडे पाहून ते गुलामीतलं की स्वातंत्र्यातलं हे सांगता येत नाही. डाग पडलेल्या, कडा फाटलेल्या लिफाफ्यावर तेच तिकीट शिक्क्यासकट असेल तर सांगता येतं. स्वच्छ धुतलेलं तिकीट आणि असा लिफाफा यांतून एकच घ्यायची मुभा मिळाली तर मी लिफाफा घेईन.