पाड्यावरची उदासी आणि सरकारी दप्तर

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मनाच्या आजारांचा इतिहास शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला सर्वप्रथम एक विषमता जाणवते. ज्या आजाराला आज द्विध्रुवीय विकार म्हणतात, म्हणजे ज्यात मनःस्थिती काही आठवडे किंवा महिने अवाजवी उत्साहाच्या टोकाला आणि नंतर खोल खिन्नतेच्या टोकाला जाते, त्याच्या पहिल्या टोकाची दखल घेण्याची सोय शासनयंत्रणेत दीडशे वर्षांहून अधिक काळ होती, दुसऱ्याची मात्र नव्हती. रात्र रात्र न झोपता गावभर ओरडत फिरणारा, भांडण उकरून काढणारा माणूस पोलीस पाटलाच्या नजरेस येई. पण कुडाच्या घरात कोपरा धरून बसलेला, अन्नावरची वासना उडालेला, पेरणीच्या दिवसांतही शेताकडे न फिरकणारा माणूस कोणाच्याच वहीत चढत नसे. हा भेद बऱ्याच अंशी कायद्याच्या रचनेतून आला.

१८५८ सालच्या ३६ व्या कायद्याने, ज्याने हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांचा कारभार बांधून दिला, मोकाट भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेडसर माणसाला पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे काम पोलिसांवर सोपवले, आणि डॉक्टरचा दाखला मिळाल्यावर त्याला इस्पितळात धाडण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्याने द्यावा अशी व्यवस्था केली. वेडाकडे पाहणारा पहिला सरकारी डोळा अशा प्रकारे पोलिसाचा ठरला. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून असे इस्पितळ होते आणि १९०१ साली खुद्द ठाण्यात नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे इस्पितळ उभे राहिले, जे आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाते. या इस्पितळाने अंतर कमी केले असले तरी ते सर्वांसाठी सारखे कमी झाले नाही. आगगाडी १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचल्यामुळे शहापूर तालुक्यातील खर्डी, आटगाव, आसनगाव ही गावे लोहमार्गाला लागली. मुरबाडला मात्र रेल्वे आलीच नाही, त्यामुळे तिकडच्या आजाऱ्याला बैलगाडीने किंवा पायी सुमारे ३० किलोमीटरवरचे कल्याण गाठावे लागे. ज्याला हात धरून उठवावे लागते अशा खिन्न माणसासाठी इतकी खटपट कोण करणार, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलेला दिसत नाही, आणि कायद्यालाही तो पडण्याचे कारण नव्हते.

इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत त्या काळची वर्गवारी आढळते: उन्माद, मेलँकोलिया म्हणजे दीर्घकाळची विषण्णता, बुद्धिभ्रंश आणि जन्मजात मतिमंदता. हिंदुस्थानातील बहुतेक इस्पितळांत उन्मादाचे रुग्ण सर्वांत जास्त भरत. त्यावरून इथली माणसे क्वचितच खिन्न होतात असा निष्कर्ष काही वसाहतकालीन डॉक्टरांनी काढला, जो उलट दिशेने वाचायला हवा. चाळणीतून जे खाली येते त्यावरून धान्याचा अंदाज बांधण्यासारखेच ते होते. या नोंदींच्या विश्वासार्हतेबद्दल सरकारलाच एकदा शंका आली. १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने इस्पितळांतील प्रकरणे पुन्हा तपासली, तेव्हा असे दिसले की आजाऱ्याबरोबर येणाऱ्या पोलिसांच्या वर्णनपत्रकात वेडाचे कारण या रकान्यात गांजा असा शब्द अनेकदा फारशी चौकशी न करताच भरलेला असे, आणि डॉक्टर तोच पुढे उतरवून घेत. ज्या पत्रकात कर्ज, उपासमार, मूल दगावणे किंवा एकटे पडणे यांना फारशी जागाच नव्हती, त्यातून उदासीचा इतिहास वाचता येत नाही.

दुसरे साधन जनगणनेचे. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतींत आंधळे, मुकेबहिरे आणि महारोगी यांच्याबरोबर वेड्यांचीही मोजदाद होई. गणकाने कुटुंबप्रमुखाला विचारायचे आणि त्याने सांगायचे, असा हा व्यवहार होता. घरातल्या सुनेला वर्षभर कशातच जीव लागत नाही, हे कुटुंबप्रमुखाने परक्या माणसाला सांगणे संभवत नव्हते, आणि सांगितले असते तरी ते वेड या सदरात बसले नसते. १९१२ च्या नव्या कायद्याने नातेवाइकांना अर्ज करण्याची वाट अधिक स्पष्ट केली, पण अर्जासोबत दोन डॉक्टरी दाखले लागत. डोळखांब किंवा टोकावडे परिसरातल्या, लिहितावाचता न येणाऱ्या ठाकूर अथवा कातकरी कुटुंबाने अर्ज, दाखले, कचेरी आणि प्रवास हे सगळे पार पाडावे, ही अपेक्षा कागदावरच राहण्यासारखी होती. पुढे १९२० च्या सुमारास इस्पितळांच्या नावांतून वेड्यांचा उल्लेख गळाला आणि मनोरुग्णालय हे नाव रूढ होत गेले. लोकांच्या तोंडी मात्र ‘ठाण्याला पाठवा’ ही धमकी आणि थट्टा दोन्ही कायम राहिली.

पाड्यावर, म्हणजे मुख्य गावापासून वेगळ्या वसलेल्या आदिवासी वस्तीवर, आजाराची पहिली तपासणी भगताकडे होई. भगत हा देवाचा संचार होणारा आणि बाधा ओळखणारा जाणता. तो दाणे पाहतो, म्हणजे तांदळाचे दाणे टाकून कोणाचे लागीर आहे ते सांगतो, आणि मग कोंबडे, नारळ, धूप असा उतारा ठरतो. या उपचाराने आजार हटे असे मानण्याचे कारण नाही, परंतु त्याची सामाजिक बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही: आजाऱ्याभोवती रात्रभर माणसे जमत, दोष त्याच्या स्वभावाकडे न जाता बाहेरच्या कशाकडे तरी जाई, आणि खिन्नतेचा पहिला झटका पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप ओसरत असल्याने भगताचे नावही टिकून राही. याच समजुतीची दुसरी बाजू क्रूर होती. बाधा कोणीतरी केलेली असेल तर ती करणारी व्यक्ती शोधावी लागते, आणि संशयाचे बोट विधवा, निपुत्रिक किंवा एकट्या राहणाऱ्या स्त्रीकडे जाई. तिला भुताळी ठरवले की तिच्याशी पाणीसुद्धा तोडले जाई. जी आधीच एकटी होती तिला त्याहून एकटे करणारी ही प्रथा मनोविकाराच्या इतिहासात क्वचितच मांडली जाते, वास्तविक तिची जागा तिथेच आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला.

याच मुलखात एकांताला मान देणारी परंपराही होती. देहरी गावावर उठलेल्या गोरखगडाच्या कातळातली गुहा आणि पाण्याची टाकी गोरखनाथांच्या साधनेशी जोडली जातात. शेजारचा सुळका मच्छिंद्रगड म्हणून ओळखला जातो. माणसांतून उठून तिथे जाणारा जोगी पूज्य ठरे, कारण त्याचा एकांत स्वतः निवडलेला, नाव असलेला आणि खाली गावातून येणाऱ्या शिध्यावर टिकलेला होता. माजघरात गप्प बसलेल्या माणसाला अशी कोणतीही चौकट उपलब्ध नव्हती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातल्या एकटेपणाचे स्वरूप हंगामी बनले. दिवाळी उरकली की कातकरी आणि इतर भूमिहीन कुटुंबे उचल घेऊन, म्हणजे मालकाकडून आगाऊ रक्कम घेऊन, भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या सहा-सात महिन्यांत पाड्यावर उरतात ती म्हातारी माणसे, आणि त्यांच्यापैकी एखादे आजारी पडले तर ते सांगायलाही शेजारी नसतो. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या शहापुरात उन्हाळ्यात टँकर येईपर्यंत हंड्याशेजारी बसून राहणे हेच कित्येक वृद्धांचे दिवसाचे काम असते.

औषधांचा इतिहास याच ठिकाणी भट्टीशी येऊन भिडतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी लिथियमच्या क्षारांचा उन्मादावर उपयोग दाखवला आणि द्विध्रुवीय विकाराची पुनरावृत्ती रोखणारे औषध म्हणून ते पुढे जगभर स्थिरावले. लिथियमची लाभदायक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने रक्तातील प्रमाण ठरावीक काळाने तपासावे लागते. शिवाय अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे गेले, तर मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे अशी लक्षणे दिसू लागतात. एप्रिलच्या उन्हात चिखल तुडवणाऱ्या मजुरासाठी हा धोका पुस्तकी राहत नाही. विटा थापण्याचे काम पुष्कळदा मध्यरात्रीनंतर सुरू होते, आणि झोपमोड हे उन्मादाचा झटका येण्याचे सर्वांत ओळखीचे निमित्त आहे. म्हणजे ज्या व्यवसायावर घर चालते तोच आजाराला चिथावतो आणि औषधालाही अडचणीत आणतो. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, त्यामुळे ठरल्या तारखेला रक्त द्यायला आणि डॉक्टरला भेटायला जाणे मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून राहते. मोठ्या शहरातील नोकरदाराला डोळ्यांपुढे ठेवून आखलेले उपचारांचे वेळापत्रक इथे तुटते.

१९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम यांचा उद्देश हे उपचार रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, तालुक्यापर्यंत नेणे हा होता. मुरबाडच्या शेजारी, रायगड जिल्ह्यातील कर्जतला, डॉ. भरत वटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवण्याचे काम केले, ज्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम मोलाचे आहे, पण तेही दिसणाऱ्या, रस्त्यावर आलेल्या आजाऱ्यापासूनच सुरू होते, हे या लेखाच्या दृष्टीने लक्षात घ्यावे लागते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो मे २०१८ मध्ये अंमलात आला, साखळदंड आणि एकांतकोठडी या दोन्हींना मनाई केली, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेऐवजी मदतीचा हक्क दिला, आणि रुग्णाला स्वतःहून दाखल होण्याची मुभा ठळक केली. घरात हेळसांड होत असलेल्या आजाऱ्याची माहिती पोलिसांनी दंडाधिकाऱ्याला कळवावी, हे कलमही त्यात आहे. नातेवाइकांकडून हाल होणाऱ्यांविषयी तशीच तरतूद १८५८ च्या कायद्यातही होती, आणि तेव्हाप्रमाणे आजही ती लागू होण्यासाठी पोलिसापर्यंत कोणीतरी खबर पोहोचवावी लागते. फाल्गुनात, अर्धा पाडा भट्टीवर गेलेला असताना, ती पोहोचवणारे पाय गावात क्वचितच उरलेले असतात.