इतिवृत्तात नसलेलं शहर : परभणीचं केबल चॅनेल आणि नगरपालिकेची सभा



‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण सगळे हसत हसत म्हणतो. आजचा विषय ऐकूनही काहींना हसू आलं असेल. केबलवाल्याचा कसला इतिहास? पण आमचं म्हणणं असं, की साधारण 1995 ते 2015 या वीस वर्षांतला आपल्या शहराचा कारभार उद्या कुणी लिहायला बसलं, तर त्याला लोकल चॅनेलच्या कॅसेट लागतील. आणि त्या आज आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होताहेत.

थोडं मागे जाऊ या. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. त्याच वर्षी आपल्याकडे कृषी विद्यापीठ स्थापन झालं, पण टीव्ही मात्र आपल्यापासून दूरच होता. आपला आवाज म्हणजे आकाशवाणी परभणी. पुढे दूरदर्शन घरात आलं, पण त्यात दिल्ली दिसायची, मुंबई दिसायची. आपली नगरपालिका त्यात दिसण्याचं कारणच नव्हतं.

टीव्ही गावापुरता असू शकतो, हे देशात आधीच सिद्ध झालं होतं बरं का. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, पीज या गावी, 1975 मध्ये एक लहानसा ट्रान्समीटर बसवला गेला. इस्रोच्या मंडळींनी सुमारे 400 गावांसाठी तिथल्याच प्रश्नांवर, तिथल्याच बोलीत कार्यक्रम केले. 1984 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आणि 1985 मध्ये तो ट्रान्समीटर तिथून हलवला गेला. म्हणजे सरकारी मार्गाने स्थानिक टीव्ही आला आणि सरकारी मार्गानेच गेला.

आपल्याकडे तो वेगळ्या वाटेनं आला. 1991 च्या आखाती युद्धानं परदेशी बातम्या घरात आणल्या, 1992 मध्ये झी सुरू झालं, आणि गल्लोगल्ली डिश लावणारी पोरं तयार झाली. विजेच्या खांबावरून, गच्चीवरून, कुणाच्या तरी पेरूच्या झाडावरून वायर गेली. कंट्रोल रूममध्ये एक व्हीसीआर आणि एक मॉड्युलेटर जोडला, की एक रिकामं चॅनेल आपलं स्वतःचं! आधी त्यावर पिक्चर लागले. मग गणेश विसर्जन, फेब्रुवारीतला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, निवडणुकीची मतमोजणी. खाली धावणाऱ्या पट्टीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि निधनवार्ता. कोल्हापूरला चॅनल बी, सोलापूरला इन सोलापूर, औरंगाबादला एमसीएन ही नावं अशीच घरोघरी झाली.

आणि एक दिवस कॅमेरा नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत गेला.

ही गोष्ट लहान नाही. सभा लोकांना खुली असते, असं कायद्यातच आहे. पण नानलपेठेतला दुकानदार दुकान बंद करून सभा ऐकायला जाणार आहे का? रात्री जेवताना मात्र तो बघायचा. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक पाण्याच्या विषयावर उठला की गप्प बसला, हे त्याला दिसायचं. आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात हे बघणं म्हणजे करमणूक नव्हे. दुसऱ्या दिवशी चौकात लोक नगरसेवकाला थेट विचारायचे, “भैया, कल तो बहुत बोले, पानी कब आयेगा?”

आता इतिवृत्ताचं पुस्तक काढून बघा. विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, ‘ठराव मंजूर’. संपलं. सभा दोन तास चालली असेल, तर त्यातली दहा मिनिटंही त्यात नसतात. एक उदाहरण घेऊ. नव्वदच्या दशकात राखीव जागांमुळे महिला पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं सभागृहात आल्या. त्यांतल्या किती जणी स्वतः बोलल्या? कुणाला बोलू दिलं नाही? कुणाच्या वतीनं दुसराच उत्तर द्यायला उठला? इतिवृत्तात सूचक म्हणून बाईचं नाव मिळेल, बाकीचं मिळालं तर कॅसेटमध्येच मिळेल.

मग हे टिकलं का नाही? आमच्या मते याचं उत्तर कायद्यात आहे. 1995 च्या केबल कायद्यानं ऑपरेटरची नोंदणी कुठे ठेवली? पोस्ट ऑफिसात! करमणूक कर तेव्हा भरावा लागे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. प्रक्षेपण थांबवण्याचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांकडे. नगरपालिकेचा या सगळ्यात संबंधच नाही. अमेरिकेत उलट झालं. तिथे वायर शहराच्या रस्त्यातून जाते म्हणून परवाना शहराकडून घ्यावा लागे, आणि 1984 च्या कायद्यानं शहराला त्या बदल्यात नागरिकांसाठी, शाळांसाठी आणि नगर-प्रशासनासाठी चॅनेल मागण्याचा हक्क दिला. तिथे कौन्सिलची बैठक दाखवणं ही व्यवस्था झाली. आपल्याकडे ती केबलवाल्याची मर्जी राहिली.

मर्जी म्हटली की तिच्या मर्यादाही आल्या. जाहिरात देणारा तोच पुढारी, आणि सभेत ज्याला प्रश्न विचारायचे तोही तोच. कॅमेरा कुठे वळला आणि कुठे वळला नाही, हेही अभ्यासकानं तपासायला हवं. आम्ही या चॅनेलांना देव्हाऱ्यात बसवत नाही. पण सभागृहात दुसरा कॅमेरा तरी कुठे होता?

पुढचं आपल्याला माहीत आहे. 1 नोव्हेंबर 2011 ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. जवळपास त्याच सुमारास केबलचं डिजिटायझेशन कायद्यात आलं. आपल्यासारख्या शहरांसाठी मुदत होती 31 डिसेंबर 2015, ती पुढे लांबली. सेट-टॉप बॉक्स आला, सिग्नल दूरच्या मोठ्या कंपनीकडून येऊ लागला आणि गल्लीतली कंट्रोल रूम बंद पडत गेली. बातम्या देणारे मोबाइलवर, यूट्यूबवर गेले. 2022 मध्ये केंद्र सरकारनं केबलच्या स्थानिक चॅनेलांसाठी नियम केले. त्यात रेकॉर्डिंग किती दिवस जपायचं? 90 दिवस! तक्रार आली तर तपासायला तेवढे पुरतात. इतिहासाला 90 दिवसांत काय होणार?

आम्ही जुन्या कॅसेट शोधत फिरलो. एका घरी माळ्यावर पोतं निघालं. बुरशी चढलेली, लेबलं गळून पडलेली. दुसरीकडे सांगितलं, “कॅसेट महाग होती हो, त्याच्यावरच पुढचं शूटिंग करायचो.” त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. जपून ठेवा, असं त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आता तर वाजवायला यंत्रंही मिळेनात. जगातला शेवटचा व्हीसीआर कारखाना 2016 मध्ये थांबला.

म्हणून विनंती एवढीच. तुमच्या ओळखीत कुणी जुना ऑपरेटर असेल, कॅमेरामन असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. भंगारात देण्याआधी कॅसेट मागून घ्या. त्यावर साल आणि विषय लिहा. सांगणारा माणूस आज आहे, तोवरच हे लिहून होईल. डिजिटल करायचा खर्च महाविद्यालयांनी, वाचनालयांनी वाटून घेतला तर फार नाही. आणि महानगरपालिकेकडे आपण एकच मागणी करू या : सभेचं रेकॉर्डिंग इतिवृत्ताइतकंच कायमचं जपा, आणि मागेल त्याला दाखवा.

नळाला पाणी का आलं नाही, यावर या सभागृहात काय काय बोललं गेलं, हे आपल्या नातवंडांना ऐकता आलं पाहिजे.