नीरा-भीमेच्या परिसरातील चोखोबांची वाणी : अभ्यासाची एक दिशा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. येथून पूर्वेस नीरा भीमेला मिळते. पुढे भीमेकाठी पंढरपूर आणि त्याच्या आग्नेयेस मंगळवेढे. चोखामेळा व त्यांच्या कुटुंबीयांची वाणी मुख्यतः याच परिसराशी निगडित आहे. साहजिकच येथील बौद्ध वाचकापुढे एक प्रश्न उभा राहतो : १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ही वाणी आपली मानावी की नाकारावी? आमच्या मते केवळ श्रद्धेने किंवा केवळ रोषाने याचे उत्तर देता येणार नाही. त्यासाठी संहितेचाच अभ्यास केला पाहिजे.

चोखोबांचा मृत्यू शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळून झाला, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे. म्हणजे मृत्यूनंतरही देवळाबाहेरच. ते देऊळ अस्पृश्यांना खुले होण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले.

चोखोबांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका यांचेही अभंग उपलब्ध आहेत. चोखोबांचे अभंग अनंतभट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. तिपिटकही कित्येक शतके मुखपरंपरेने चालत आले आणि इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ग्रंथारूढ झाले. अशा वाङ्मयात सांगणारा, गाणारा व लिहिणारा या तिघांचेही ठसे उमटतात. चोखोबांच्या एका अभंगात महार जन्म हे पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेचे फळ म्हटले आहे. तर दुसरीकडे विटाळावाचून कोण आहे, असा सवाल आहे. कर्ममेळा तर हीन जन्माबद्दल देवालाच जाब विचारतो. यांतील जो अभंग आपल्याला गैरसोयीचा, तो प्रक्षिप्त ठरवून मोकळे होणे म्हणजे अभ्यास नव्हे. शरणागती आणि प्रश्न एकाच नाममुद्रेखाली का नांदतात, हेच तपासले पाहिजे.

येथे थेरीगाथेतील पुण्णिकेचे स्मरण होते. पाणी भरणारी ही दासी कडाक्याच्या थंडीत नदीस्नान करणाऱ्या ब्राह्मणाला विचारते : पाण्याने पाप धुतले जात असेल, तर बेडूक व कासवेही स्वर्गाला जातील काय? तो ब्राह्मण निरुत्तर होतो आणि त्रिशरण स्वीकारतो. सोयराबाईही विचारते, की देहाचा विटाळ देहातच उपजतो, मग शुद्ध कोण? या दोन स्त्रियांत परंपरेचा थेट धागा आहे, असा आमचा दावा नाही. प्रश्नांचे साम्य मात्र विलक्षण आहे, आणि भेद त्याहून बोधप्रद आहे. पुण्णिकेला वाद करण्यासाठी समोर माणूस होता आणि मागे संघ होता. सोयराबाईसमोर देव होता आणि मध्ये बंद दार होते.

बाबासाहेबांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पुढे आठ वर्षांनी त्यांनी धम्माचा मार्ग स्वीकारला. या दोन कृतींत विसंगती नाही. पूर्वजांच्या वेदनेचा आदर करणे आणि त्यांना न मिळालेले उत्तर शोधणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वारसदाराची आहेत. म्हणून ही वाणी आम्ही पूजाग्रंथ म्हणून वाचत नाही आणि टाकूनही देत नाही. दारापाशी थांबलेल्या एका प्रश्नाचा पुरावा म्हणून ती आम्ही जपतो. त्या प्रश्नाचे उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला मिळाले.