मेहरूणचे तळे, केळीचा मुलूख आणि खान्देशातील शहरी जगणे

तळ्याकाठचे टुमदार शहर आणि भोवती फळबागा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम नाशिकचा गंगापूर धरण परिसर उभा राहतो. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले आणि पुढच्या काही वर्षांत त्या परिसराला 'वाइन'चा मुलूख ही ओळख मिळाली. मात्र नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने आणखी ईशान्येला गेल्यास खान्देशात अशीच दोन शहरे लागतात. त्यांच्या नशिबी पर्यटकांची गर्दी नाही. जळगावला मेहरूणचा तलाव आहे, तर धुळ्याला नकाणे आणि डेडरगाव असे दोन तलाव आहेत. येथे द्राक्षाची जागा केळी, कापूस आणि बोरांनी घेतली आहे. नोकरी, बदली किंवा शिक्षणाच्या निमित्ताने या शहरांत बिऱ्हाड थाटणाऱ्यांना तेथील जगण्याची कल्पना यावी, यासाठी ही माहिती.

एका खान्देशाची दोन शहरे

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे ठाणे निवडले आणि पांझरेकाठी नवी पेठ आखली. सरळ, समांतर गल्ल्यांची ही रचना आजही टिकून आहे. धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचे नाव नव्हे, क्रमांक सांगतात. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खान्देशाचे मुख्यालय जळगावला आले, तर पश्चिम खान्देशाचे धुळ्यातच राहिले. पुढे १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. दोन्ही शहरांच्या नगरपालिकांचे रूपांतर २००३ मध्ये महापालिकांत झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची ३ लाख ७५ हजारांच्या घरात होती.

तळ्याचे नाव, फळाचे नाव

जळगावच्या दक्षिण-पूर्व अंगाला मेहरूण तलाव आहे. सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक, थंडीत पक्षी पाहणारे हौशी, संध्याकाळी मुलांना घेऊन येणारी कुटुंबे असा त्याचा दिनक्रम असतो. शहरातील गणेश विसर्जनही येथेच होते. रणरणत्या उन्हाच्या या गावात संध्याकाळी वाऱ्याची झुळूक मिळण्याची ही हक्काची जागा आहे.

याच परिसराने राज्याला 'मेहरूणची बोरे' दिली. आकाराने लहान, गोडीला आंबटपणाची किनार आणि सुगंध ही त्यांची ख्याती आहे. मात्र शहर वाढले, तशी तलावाभोवतीची शेती बिगरशेती झाली, भूखंड पडले आणि बोरांच्या बागा आटत गेल्या. बाजारात आजही 'मेहरूणची' म्हणून बोरे विकली जातात, पण मेहरूणमध्ये बोरीची झाडे शोधावी लागतात. तलावाचीही चिंता तीच आहे. भोवतालच्या वसाहतींचे सांडपाणी, गाळ आणि अतिक्रमण यांवर नागरिक आणि पर्यावरणप्रेमी सातत्याने आवाज उठवत आले आहेत. तळ्याकाठी घर हवे असणाऱ्यांची संख्या वाढते, तसतशी तळ्याला मोकळी जागा कमी पडते. हा पेच जळगावपुरता नाही. पण येथे एका फळाने त्याची किंमत मोजली आहे.

पाणी कोठून येते?

तळे दिसते म्हणजे नळाला पाणी आहे, असा समज येथे करून घेऊ नये. जळगाव पूर्वी गिरणेवर अवलंबून होते. आता शहराची तहान वाघूर धरण भागवते. मेहरूणचे पाणी पिण्यासाठी नाही. धुळ्यात चित्र वेगळे आहे. नकाणे आणि डेडरगाव हे तलाव तेथील पाणीपुरवठ्याचे जुने आधार आहेत. त्यांच्या जोडीला तापी नदीवरील योजना आणि पांझरेवरील अक्कलपाडा धरण आले. तरीही कित्येक दिवसांआड येणारे पाणी हा अनुभव धुळेकरांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. त्यामुळे या शहरांत घर पाहताना भाड्याच्या आधी पाण्याचा वार विचारावा, टाकी किती लिटरची आहे ते पाहावे आणि कूपनलिका उन्हाळ्यात चालते का, याची शेजाऱ्यांकडे खातरजमा करावी.

पाण्याचे शहाणपण मात्र या भूमीला नवे नाही. पांझरेच्या खोऱ्यात छोटे दगडी बंधारे बांधून गावाने एकत्र पाणी वाटून घेण्याची 'फड' पद्धत काही शतके चालत आली. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हे शेतकरी मिळून ठरवीत आणि पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असे. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेवेत आले, आणि कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी याच खोऱ्यात काम केले. अलीकडच्या काळात धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद व खोल करून सिमेंट बंधाऱ्यांची साखळी उभी केली. 'शिरपूर पॅटर्न' या नावाने ते काम राज्यभर ओळखले गेले.

केळीवर चालणारा बाजार

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा हा तापीकाठचा पट्टा केळीचा. ठिबक सिंचन आणि १९९० च्या दशकात आलेली ऊतिसंवर्धित 'ग्रँड नैन' जातीची रोपे यांमुळे या पिकाचे रूप पालटले. पूर्वी दीड वर्ष घेणारे पीक साधारण वर्षभरात हाती येऊ लागले. भवरलाल जैन यांनी उभारलेल्या जैन इरिगेशनचा यात मोठा वाटा आहे. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली.

हे वैभव तितकेच नाजूक आहे. मे-जूनमधील एका वादळात उभी बाग आडवी होते. कडाक्याच्या थंडीत घडांची वाढ खुंटते, तर कुकुंबर मोझॅक या विषाणूमुळे कोवळी रोपे उपटून टाकावी लागतात. भूजल हीसुद्धा मोठी चिंता आहे. केळीपट्ट्यातील विहिरी आणि कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याच्या तापी महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये झाला.

शहरातील नोकरदाराचा याच्याशी संबंध काय, असा प्रश्न पडू शकतो. संबंध थेट आहे. केळीला भाव असला की जळगावच्या सराफ बाजारात, वाहनांच्या शोरूममध्ये आणि कापड दुकानांत गर्दी दिसते. बाग पडली की तीच दुकाने ओस पडतात. डाळ मिल, प्लास्टिक चटई आणि पाइप हे उद्योग शहराला दुसरा आधार देतात.

उन्हाळा, खाणे आणि माणसे

खान्देशचा उन्हाळा नवख्याची परीक्षा घेतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत किंवा त्याहून वर जातो. दुपारी रस्ते सामसूम होतात आणि संध्याकाळनंतर गाव पुन्हा जागे होते. कामे सकाळी उरकावीत, हे येथील साधे तंत्र आहे. हिवाळ्यात मात्र धुळ्यात हुडहुडी भरविणारी थंडी पडते.

थंडीचे स्वागत भरिताने होते. हिरव्या वांग्याचे, काडीवर भाजलेले भरीत आणि कळण्याची भाकरी हा हिवाळ्यातील मळ्यातल्या पार्ट्यांचा ठरलेला बेत असतो. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन आहे. शेवभाजी, खापरावरचे मांडे आणि उन्हाळ्यातील बिबडे यांची ओळख शेजारीच करून देतात. अक्षय्य तृतीया येथे 'आखाजी' असते. सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधले जातात. श्रावणात कानबाईचे रोट होतात. बोलण्यात अहिराणी, तर रावेर-यावलकडे लेवा गणबोली कानी पडते. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. २०१८ पासून येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ त्यांचे नाव सांगते. अभ्यासकांसाठी धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही हस्तलिखितांची दोन भांडारे आहेत, तर जळगावला २०१२ मध्ये सुरू झालेले गांधीतीर्थ आहे.

कोणासाठी सोयीचे?

जळगाव मुंबईकडून भुसावळला जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर असल्याने रेल्वेची सोय उत्तम आहे. धुळे राष्ट्रीय महामार्गांच्या चौफुलीवर आहे. पण रेल्वेने ते अद्याप चाळीसगावच्या शाखामार्गावरच अवलंबून आहे. मनमाड-इंदूर या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो झाल्यावर धुळ्याची ही जुनी अडचण दूर होईल.

मुंबई-पुण्याच्या मानाने घरभाडे आटोक्यात, कार्यालय दहा-पंधरा मिनिटांवर आणि ताजी भाजी दाराशी, हे या शहरांचे सुख. उन्हाळा, पाण्याचे वेळापत्रक आणि तरुणांसाठी मर्यादित रोजगार ही त्याची दुसरी बाजू. ज्याला ही दुसरी बाजू मान्य आहे, त्याने घर जरूर शोधावे. मात्र ते तलावाच्या काठावरच हवे, असा हट्ट धरू नये. तळे चार पावले लांब असले तरी संध्याकाळचा वारा तोच मिळतो, आणि मधली मोकळी जागा तळ्यासाठी शिल्लक राहते.