स्त्रीबीजांचा साठा आणि औषधाचे माप

जिंतूरच्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. नेमगिरीच्या उताराची माती निराळी आणि पूर्णाकाठची निराळी. दोन्हींना खताचे एकच माप चालत नाही. मूल होत नाही म्हणून जे उपचार करतात, त्यांतही औषधाचे माप प्रत्येक बाईचे निराळे असते. पण हे वैद्यकशास्त्राच्या ध्यानात यायला बरीच वर्षे लागली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

मुलगी आईच्या पोटात असते, तेव्हाच तिच्या बीजकोशात स्त्रीबीजांचा साठा तयार होतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास तो साठ-सत्तर लाखांचा असतो. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. पुढे दर महिन्याला साधारणपणे एकच बीज पिकते. बाकीची आपोआप जिरून जातात. पाळी जायच्या वेळी जेमतेम हजारभर शिल्लक असतात. हा साठा सगळ्यांचा सारखा नसतो. एकाच वयाच्या दोघींत पुष्कळ फरक पडतो.

बीज पिकविणारा स्राव मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून येतो. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून तो भरपूर बाहेर पडतो. इटलीत पिएरो डोनिनी यांनी 1940च्या दशकात तो वेगळा काढला. औषध करायचे तर लघवी पुष्कळ हवी. ती मठांतल्या वृद्ध जोगिणींकडून गोळा केली गेली! ब्रूनो लुनेनफेल्ड यांनी इस्रायलमध्ये हे औषध वापरले आणि 1960च्या दशकाच्या आरंभी त्याला यश आले.

पुढे 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये शरीराबाहेर गर्भधारणा करून पहिले मूल जन्मले. त्या वेळी असे औषध न देता आपोआप पिकलेले एकच बीज घेतले होते. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने मूल जन्मले. त्यांनी मात्र औषधाने जास्त बीजे पिकविली होती. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि 1981 साली त्यांनी आपले जीवन संपविले. आपल्या मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून 6 ऑगस्ट 1986 रोजी असे मूल जन्मले. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणे तपासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे 1997 साली जाहीर केले. असा मोठेपणा क्वचितच पाहायला मिळतो.

औषध हाती आले, पण माप कसे ठरवायचे? वय आणि वजन पाहून अंदाज बांधत. अंदाज चुकला की काहींची बीजे पिकतच नसत. काहींची एकदम फार पिकत. मग बीजकोश सुजे, पोटात पाणी साचे, रक्त घट्ट होई. हे दुखणे विकोपाला गेले तर जिवावर बेतते, बरं का!

वाट सापडली ती निराळ्याच ठिकाणी. फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्त 1940च्या दशकात सशांच्या गर्भांचा अभ्यास करीत होते. नर गर्भात मादीचे अवयव वाढू न देणारा एक स्राव असला पाहिजे, असे त्यांनी दाखविले. त्यालाच आज ए. एम. एच. म्हणतात. हाच स्राव स्त्रीच्या लहान बीजपुटिकांतूनही निघतो, म्हणून रक्तातील त्याच्या प्रमाणावरून साठ्याचा अंदाज येतो, हे 2002च्या सुमारास पुढे आले. दुसरी खूण म्हणजे पाळीच्या सुरुवातीला सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक पुटिका मोजणे. साठा भरपूर असेल तर औषध बेताने द्यायचे, म्हणजे धोका टळतो.

पण साठा कमी असेल तर औषध वाढवून मूल हमखास होईल काय? तसे नाही. नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर स्त्रियांची पाहणी 2017 साली प्रसिद्ध झाली. पुटिका मोजून माप ठरविल्याने मुले जास्त झाली नाहीत. साठा जास्त असलेल्यांचा त्रास मात्र कमी झाला. खत वाढवून बियाणे वाढत नाही, तसेच हे.

आणखी एक गोष्ट, विशेषतः शिक्षकांनी गावात समजावून सांगावी अशी. हा आकडा औषधाच्या मापासाठी आहे. तो बीज चांगले की वाईट हे सांगत नाही. आकडा कमी असलेल्या पुष्कळ स्त्रियांना आपोआपही दिवस जातात. तेव्हा कागदावरचा आकडा पाहून सुनेला बोल लावू नये. पुष्कळदा कारण पुरुषात असते. म्हणून तपासणी दोघांचीही व्हावी. 2021च्या कायद्याने असे उपचार करणाऱ्या केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. तिथे जाल तेव्हा नोंदणी झाली आहे का, आणि औषधाचे माप कशावरून ठरविले, हे दोन प्रश्न अवश्य विचारा. विचारण्यात संकोच कसला?