नेटवर्क नसलेला नेटवर्क ड्राइव्ह

जुन्या डॉसमध्ये सीडीच्या ड्राइव्हवर सीएचकेडीएसके ही डिस्क तपासणारी आज्ञा चालवली, की नेटवर्क ड्राइव्ह तपासता येत नाही असं उत्तर यायचं. संगणकाला नेटवर्कची वायरसुद्धा जोडलेली नसली, तरी! हा बिघाड नव्हे. या उत्तरामागे एक सुरेख उसनवारी आहे.

 

डॉस 3.1 मध्ये नेटवर्कसाठी रीडायरेक्टरची सोय झाली. एरवी डॉस डिस्ककडे अमुक सेक्टर दे, असं मागतो आणि फॅटचा, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे आहेत याच्या तक्त्याचा, हिशेब स्वतः लावतो. रीडायरेक्टरकडे तो फाइल नावानं मागतो. ती कुठे, कशी ठेवली आहे हे पलीकडच्यानं पाहायचं. डॉसला सीडी वाचू देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एमएससीडीईएक्स या प्रोग्रामनं हीच वाट धरली. डॉस प्रत्येक ड्राइव्हची नोंद ठेवतो. तिच्यात बिट 15 नेटवर्कचा, बिट 14 प्रत्यक्ष ड्राइव्हचा. सीडीच्या नोंदीत दोन्ही चढवलेले असतात. सीएचकेडीएसके बिचारी पहिला बघून माघारी फिरते.

ही उसनवारी का केली? डॉस 3 ची एका ड्राइव्हसाठीची 32 एमबीची मर्यादा आणि सीडीचे सहाशेहून अधिक एमबी, असं कारण पुष्कळ जण देतात. मला ते पटत नाही. 1988 च्या डॉस 4 मध्ये ती मर्यादा उठली, तरी 1994 च्या 6.22 मध्येही एमएससीडीईएक्स त्याच वाटेनं जात होता. माझ्या मते खरं कारण मांडणीचं. 1985 साली लेक ताहोकाठच्या हाय सिएरा हॉटेलात कंपन्या बसल्या आणि त्यातून सीडीची जी मांडणी निघाली, तिच्यात फॅट नव्हतंच. सेक्टर हाती देऊन डॉसला काय कळणार? फाइल नावानं मागण्याची तयार सोय होती ती नेटवर्कची. पुढे विंडोज 95 नं सीडीएफएस हा खास सीडीसाठीचा भाग आणला आणि सीडीला स्वतःचं घर मिळालं.

जुन्या यंत्रावर एखादा प्रोग्राम सीडीला नेटवर्क समजून अडला, तर केबल तपासत बसू नका. ड्राइव्हचं अक्षरच उमटत नसेल, तर कॉन्फिग.सिसमधली लास्टड्राइव्हची ओळ आणि ऑटोएक्झेक.बॅटमधली एमएससीडीईएक्सची ओळ पाहा. अक्षर दिसत असेल, तर नेटवर्कचं ते उत्तर म्हणजे ड्राइव्हचा बिघाड नव्हे.