परतणाऱ्यांसाठी दार

लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आपण करुणेचे सोपे उदाहरण म्हणून वाचतो. तो किती अवघड आहे, हे तिसऱ्या शतकातील कार्थेजकडे पाहिले की कळते.

इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने प्रजेला देवतांपुढे बळी अर्पण करण्याची आज्ञा दिली. काही ख्रिस्ती तुरुंगात गेले, काही मेले; पुष्कळांनी मात्र बळी दिला, किंवा पैसे चारून तसा दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक पश्चात्तापाने परतू लागले. रोममध्ये नोव्हेशियनने त्यांना दार बंदच ठेवले. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः छळकाळात लपून राहिला होता. त्याने सरसकट क्षमा नाकारली आणि सरसकट बहिष्कारही. २५१ च्या धर्मसभेने दाखलेवाल्यांना चौकशीअंती प्रवेश दिला. बळी देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त सांगून मृत्युशय्येवर क्षमेचे आश्वासन दिले. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच प्रायश्चित्त करणाऱ्या या लोकांनाही आत घेतले गेले. संकटाला तोंड द्यायचे तर दुबळ्यांनाच आधी बळ हवे, हा त्यामागचा विचार. २५८ मध्ये सिप्रियनचाही शिरच्छेद झाला.

परतलेल्याला, तुरुंगात टिकलेल्यांनी आपल्या शेजारी बसू द्यायचे होते. करुणेची किंमत नव्याण्णव मेंढरांनाही मोजावी लागते, असे आम्हांला वाटते.